सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा: झाडं खरंच घाण शोषून घेतात का?

पोफळीची_वाडी
नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचं घर आहे, वाडी उताराची. दोन खोल्या पर्यटकांसाठी काढतोय, म्हणजे घरचे धरून आठ माणसं. सेप्टिक टाकीचं पाणी सध्या शोषखड्ड्यात जातं आणि खालच्या अंगाला शेजारच्या काकूंची पिण्याची विहीर आहे. जांभ्यातून पाणी कसं झिरपत जातं हे कोकणातल्यांना सांगायला नको. कंत्राटदार म्हणतो, खडीचा वाफा करून वर कर्दळ लावा, झाडं सगळी घाण शोषून घेतात. मोरीच्या पाण्यावर अळू-केळी आमच्याकडे आजीच्या काळापासून आहेत, पण संडासाच्या पाण्यालाही हे चालेल का? जागा किती लागेल?

रानवाट
मलाही हेच विचारायचं होतं. बारा महिने ओल म्हणजे डास आलेच ना?

खडी_आणि_मुळं
साताऱ्याजवळच्या एका वसतिगृहाचा असा वाफा मी सांभाळते, आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुनेही मीच तपासते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कंत्राटदार सांगतोय ते अर्धंच खरं आहे. झाडं नायट्रोजन-फॉस्फरस घेतात, पण थोडाच, आणि तोही तुम्ही पाला कापून बाहेर नेला तरच कमी होतो. तिथेच कुजू दिला तर परत पाण्यात. खरं काम खडीवरच्या बुळबुळीत थराचं. त्या थरात जिवाणूंची वस्ती असते आणि पाण्यातला सेंद्रिय मळ ते खातात. झाडं त्यांना घर देतात. कर्दळ, पाणकणीस आणि नळ नावाचं उंच गवत यांच्या देठांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो आणि मुळांभोवती पातळ थरात झिरपतो. बाकीची खडी प्राणवायूविना असते. एकाच वाफ्यात अशा दोन्ही जागा असतात, हेच त्यातलं मर्म.

लघवीतला अमोनिया घ्या. जिथे प्राणवायू आहे तिथे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. ते पाणी पुढे प्राणवायू नसलेल्या खडीत गेलं की तिसरे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. त्यांना खायला कार्बन लागतो. तो सांडपाण्यातून आणि मेलेल्या मुळांतून मिळतो. मात्र पाणी आडवं वाहतं अशा वाफ्यात प्राणवायू कमी पडतो आणि बराच अमोनिया तसाच बाहेर येतो. विहीर जवळ असताना मी तेवढ्यावर भागवणार नाही. तुमच्याकडे उतार आहे, त्याचा फायदा घ्या: वर वाळूचा छोटा उभा वाफा, त्यावर दिवसातून काही वेळा थांबून थांबून पाणी सोडायचं. पाणी खाली उतरताना हवा आत ओढली जाते. ते पाणी मग खालच्या आडव्या वाफ्यात. सायफन, म्हणजे टाकी ठरावीक पातळीला भरली की साठलेलं पाणी आपोआप एकदम सोडणारी वाकडी नळी, बसवला तर वीज लागत नाही.

जागेचं म्हणाल तर आपल्या हवेत आडव्या वाफ्याला माणशी ३ चौरस मीटर धरतात. आठ माणसांना २४, म्हणजे ६ बाय ४ मीटर. खडी ६० सेंटिमीटर, पाणी तिच्या पृष्ठभागाच्या १० सेंटिमीटर खाली. खडीतली पोकळी ४० टक्के धरली तर आत सुमारे ४,८०० लिटर पाणी मावतं. रोजचं हजार लिटर असेल तर ते जवळजवळ पाच दिवस थांबतं. @रानवाट, पाणी वर दिसतच नाही, त्यामुळे डासांना अंडी घालायला जागा उरत नाही. कुठे डबकं दिसलं तर खडी तुंबली असं समजावं.

तुंबणं हाच या वाफ्यांचा खरा आजार. सेप्टिक टाकीचा गाळ वेळेवर उपसला नाही की तो खडीत शिरतो, आणि मग सगळी खडी काढून धुण्यावाचून गत्यंतर नाही. स्वयंपाकघराच्या पाण्याला तेल अडवणारं वेगळं चेंबर हवंच. माशांचं तळण होणाऱ्या घरात तर नक्कीच!

तुमच्याकडे दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. तळ आणि बाजू जाड प्लास्टिकच्या अस्तराने किंवा काँक्रीटने बंद करा, नाहीतर पाणी शुद्ध व्हायच्या आधीच जांभ्यात मुरेल. आणि जांभ्याचे तुकडे फेकू नका. त्यात लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, ती फॉस्फरस धरून ठेवतात. शेवटच्या टप्प्यात ते वेगळ्या कप्प्यात भरा, म्हणजे धरण्याची ताकद संपली की बदलता येतील.

जर्मनीत केटे झाईडेल या बाईंनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर असे प्रयोग सुरू केले, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. आज नागपूरच्या नीरी संस्थेचं फायटोरिड तंत्रज्ञानही याच तत्त्वावर चालतं.

पोफळीची_वाडी
ताई, मनापासून आभार. आमच्या पावसाचं काय? आणि बाहेर पडलेलं पाणी विहिरीत गेलं तर चालेल?

खडी_आणि_मुळं
नाही, अजिबात नाही. जंतू पुष्कळ कमी होतात, पण सगळे मरत नाहीत. विहिरीपासून दूरच्या बाजूला जमिनीखालच्या नळीने पोफळींना द्या. कच्च्या खायच्या भाज्यांना नको.

पावसाचं गणित बघा: एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर २४ चौरस मीटरवर २,४०० लिटर, म्हणजे तुमच्या दोन दिवसांच्या सांडपाण्याहून जास्त. तेवढं वाफा सोसतो, पण पागोळ्यांचं आणि अंगणाचं पाणी आत येऊ देऊ नका. भोवती वीतभर बांध घाला. पाहुण्यांच्या संडासात फिनेल आणि ब्लीच बेताने, त्याने जिवाणू मरतात.

शोषखड्डा बंद करण्याआधी काकूंच्या विहिरीचा नमुना आताच तपासून घ्या: नायट्रेट आणि कॉलिफॉर्म (मैला पाण्यात मिसळल्याची खूण देणारे जिवाणू). पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर आणखी एक घ्या. दोन्ही आकडे इथे टाका, मी बघते.