काल्पनिक सागरी राज्य: आरमार कोणाच्या हुकमात ठेवू?

प्रश्न (महाल, नागपूर)

नमस्कार मंडळी. मी सायरभूमी नावाचा एक काल्पनिक देश रचून राहिलो आहे. रविवारी आमच्या घरी मित्र जमतात, नकाशा मांडून त्यावर खेळ चालतो. पुढं त्यावर कादंबरी लिहायची आहे. सात खाड्या, दर खाडीच्या तोंडाशी एक पाणकोट. राजधानी मात्र घाटावर, समुद्रापासून चार दिवसांच्या वाटेवर. किनाऱ्यावरचे लोक मीठ पिकवतात, मीठ अन् सुकी मासळी बैलांवर लादून वर नेतात, येताना ज्वारी अन् कापड आणतात. दर्यादेवीला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. जादू मोजकीच: वारा बांधता येतो, तोही एका भरतीपुरता.

अडलं आहे ते राज्यकारभारात. आरमार राजाच्या हुकमात ठेवू की किनाऱ्यावरच्या सरदाराच्या? खऱ्या इतिहासात हे कसं चालायचं, जाणकारांनी सांगावं.

उत्तर (अलिबाग)

भाऊ, आधी दस्तकाचा, म्हणजे जहाजाला समुद्रावर फिरायच्या परवान्याचा, पैसा कोणाच्या पेटीत जातो ते ठरवा, हुकूम त्याच्याच मागे जातो. कान्होजी आंग्रे व्यापारी जहाजांना दस्तक द्यायचे, दस्तक नसलेलं जहाज धरायचे. त्या उत्पन्नावर आरमार उभं होतं, म्हणून साताऱ्याला त्यांना नुसता हुकूम सोडता येत नव्हता. १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. शेवटी बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून तह केला अन् सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजी शाहूंच्या बाजूला आले.

पुढचं वाचताना अजून जीव तुटतो. १७२९ मध्ये कान्होजी गेले, मुलांत फूट पडली, कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे. त्या मुलांतल्या तुळाजींचं नानासाहेब पेशव्यांशी बिनसलं. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात ते आरमार जळालं. सायरभूमीत सरदाराचा वारस कोण नेमतो, हे पहिल्या प्रकरणातच ठरलेलं असू द्या.

उत्तर (मालवण)

पावसाळा विसरू नका. आषाढ लागला की गलबतं खाडीत आत ओढलेली, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. त्या दिवसांत खलाशी शेतात भात लावतो. म्हणजे तुमच्या राजाला सरदाराशी भांडायचं तर तो आषाढातच भांडेल, तेव्हा सरदाराजवळ फक्त कोट असतात, आरमार नसतं.

वारा बांधण्याची कल्पना फार आवडली, पण ती नीट वापरा. गुराबेला, म्हणजे आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजाला, दोन-तीन डोलकाठ्या, पुढच्या टोकावर तोफा. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तिला दोर लावून ओढत न्यायची. परकं उंच जहाज मात्र अशा वेळी जागच्या जागी उभं. तेव्हा वारा सोडणारा नाही, वारा पाडणारा मांत्रिक तुमच्या आरमाराला हवा.

उत्तर (सीताबर्डी, नागपूर)

दादा, तुम्ही महालात राहता अन् उदाहरण दूर शोधता? घाटावरची राजधानी अन् लांबचा किनारा हे तर आपल्या भोसल्यांचंच राज्य. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी झालेल्या तहानं ओडिशा रघुजीराजांकडे आलं. कटकला सुभेदार, पुरीच्या यात्रेकरूंवर कर, आणि हुकूम निघायचा महालातून. १८०३ मध्ये इंग्रज गंजामकडून जमिनीनं आले अन् बालासोरला समुद्रातून उतरले. समुद्रावर अडवणारं कोणी नव्हतं. त्याच वर्षी देवगावच्या तहात सगळा किनारा गेला. राजाला किनाऱ्याचा महसूल पाहिजे पण आरमाराचा खर्च नको, असा राजा लिहा. मला तो खरा वाटेल.

प्रश्नकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. ठरलं: दस्तक सरदाराचं, वारसाच्या नेमणुकीची वस्त्रं राजाची, आणि ती वस्त्रं नेमकी आषाढात द्यायची. मांत्रिक कोळीवाड्यातली म्हातारी असेल, तिच्यावर दोघांचाही हुकूम चालणार नाही. अलिबागकर, एक अजून सांगा: दस्तक खोटं निघालं तर ते धक्क्यावर कोण तपासायचं?