'काय भो!' – खान्देशवाल्यांनो, आपापले किस्से टाका

परवा पुण्यात वारज्याला टपरीवर चहा पीत होतो तर मागून कोणीतरी फोनवर "हाव ना भो, निघालो ना भो" सुरू केलं, मी वळून डायरेक्ट विचारलं, जळगाव का भुसावळ? म्हणे यावल. आता भाऊचा घासून घासून भो झाला हे तर सगळे सांगतात, काही जण पार संस्कृतातल्या 'भोः' पर्यंत नेतात, तिथंही ते हाक मारायलाच आहे म्हणून कानाला जुळतं, पण मला भाऊच पटतं, वऱ्हाडात पण त्याचाच भौ झालाय ना. असो, तुमच्याकडं कोण कोणाला कसं म्हणतं ते लिहा.

भुसावळकर –
आमच्याकडं रेल्वेमुळं सगळ्या मुलखाची माणसं. क्वार्टरमधली केरळची पोरं मराठी नंतर शिकली, भो आधी. हिंदीत पण चालतं, "क्या भो, किधर?"

केळीवाला, रावेर तालुका –
भो कधी म्हणतात यावर भाव कळतो बरं का. माल तयार आहे, घड झाडावर पिकायला लागतील अशी वेळ आली की व्यापाऱ्याचा फोन येतो, "भो, पुढं मार्केट डाऊन आहे भो, समजून घ्या ना भो", एका वाक्यात तीन भो आले म्हणजे समजायचं क्विंटलमागं काहीतरी कापणार हा गडी. अन तोच मालाची टंचाई असली की "पाटील, नमस्कार". पाटील म्हटलं की मी पण मग जरा टाईट बोलतो.

फैजपूरची लेक, सासर सांगली –
बायकांचं खरं तर 'बई', "काय सांगू बई". पण आम्ही हॉस्टेलच्या पोरी एकमेकींना भोच म्हणायचो अन ते तोंडात बसलं ते बसलंच. लग्नानंतर नणंदेला "राहू द्या ना भो, मी घासते भांडी" म्हटलं, ती आधी मागं बघायला लागली की कोण माणूस आला. आता तिची पोरं मला भोमामी म्हणतात 😄

धुळेकर –
जळगाववाल्यांनी जसं काही पेटंटच घेतलंय. आमच्या अहिराणीत नाही का, "काय भो, कथा चालना?", म्हणजे कुठं चाललास? आणि सगळा खेळ सुराचा आहे. लांबवला, "भोऽऽ", की विनवणी. तुटक "ए भो" म्हटलं की समोरचा बाह्या वर करतो. थंडीत शेतात भरीत पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचणं चाललं होतं, तेवढ्यात मिरची जास्त टाकली यावरून दोघांची जुंपली, पूर्ण भांडण भो वर, शिवी एक नाही. पुरीवर भरीत घेतल्यावर दोघं परत "घे ना भो, अजून घे."

जळगावकर –
चौकात हवालदारानं अडवलं. "हेल्मेट कुठं भो?" म्हटलं घरी राह्यलं भो, इथंच तर जायचंय, सोडा ना भो. तो म्हणे, "हाव भो, सोडतो ना. पाचशे द्या भो."