घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये बुरशी, खोकल्याशी संबंध असेल का?

ओलीचिंब
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचं घर लाकडी, जमिनीपासून थोडं वर उचललेलं, खाली क्रॉल स्पेस, म्हणजे सरपटत जाता येईल एवढीच बुटकी मोकळी जागा. इतकी वर्षं कोणी तिकडे डोकावलं पण नव्हतं. हल्ली हवा दमट झाली की घरात कुबट वास येतो, लेकीला रात्री खोकल्याची ढास लागते, मला सकाळी शिंकांवर शिंका. गंमत म्हणजे बाहेरगावी गेलो की दोघीही ठणठणीत, घरी आलो की पुन्हा सुरू. शेवटी नवरा टॉर्च घेऊन खाली सरपटत गेला, तर तुळयांवर राखाडी-हिरवट लव, इन्सुलेशन (फ्लोअरिंगखालचा उष्णतारोधक थर) लोंबतंय, मातीवर अंथरलेलं प्लास्टिक एका कोपऱ्यात गोळा झालंय आणि बाकी जमीन उघडी, ओली. एक कंपनीवाला बघून गेला, म्हणे काळी बुरशी आहे, विषारी आहे, आधी टेस्टिंग मग फवारणी. मला कळत नाहीये की मध्ये अख्खी फ्लोअरिंग असताना खालची बुरशी वर येणार कशी? आणि नुसतं ब्लीच मारून भागेल का?

तुळई_तपासनीस
घरं तपासणं हाच माझा धंदा आहे म्हणून सांगतो, येते. घरातली गरम हवा वरच्या फटींतून बाहेर जाते आणि तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते, पाइप-वायरींसाठी पाडलेली भोकं असतातच, त्यात एसीचे डक्ट खालून गेले असतील आणि त्यांचे सांधे सुटले असतील तर विचारूच नका, खालची हवा थेट बेडरूममध्ये. बुरशीचे बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉनचे असतात, त्यांना फट किती लागणार?

ब्लीचचं म्हणाल तर नको. लाकडावरचा रंग उडतो, बुरशी गेली असं वाटतं, पण ओल तशीच असेल तर परत येते. शिवाय मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते, त्यामुळे ती मारण्यापेक्षा खरवडून, पुसून बाहेर काढणं महत्त्वाचं. पण ते नंतर. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पुढच्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा, छपराच्या पन्हळीचं पाणी भिंतीलगतच पडतंय का, जमिनीचा उतार घराकडे आहे का बघा. निम्मी उत्तरं बाहेरच मिळतात, खाली घुसायची पण गरज नसते.

श्वासोच्छ्वास
मी छातीविकारांचा डॉक्टर. लेकीला न तपासता निदान करणार नाही, पण घर सोडलं की बरं वाटतं आणि परतलं की त्रास सुरू होतो ही गोष्ट तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, पेशंट नेमकं हेच सांगायचं विसरतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले, आणि ओल-बुरशीच्या घरांचा खोकला, छातीतली घरघर, नाक-घशाचा त्रास आणि आधीच दमा असलेल्यांचा दमा बळावणं याच्याशी संबंध दिसतो असं दोघांनीही म्हटलंय. खरी काळजी दमेकऱ्यांची आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने कमी झालीये त्यांची, अशांनी खाली उतरूच नये. क्वचित कोणाला फुप्फुसाला सूज येते, ताप, धाप, थकवा, ते वेगळं प्रकरण आहे, तसं काही असेल तर थांबू नका.

आणि ते "काळी म्हणजे विषारी" जरा बाजूला ठेवा. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला तेव्हा सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) स्टॅकिबॉट्रिस नावाच्या काळ्या बुरशीशी त्याचा संबंध जोडला होता, २००० साली त्यांनीच फेरतपासणी करून तो सिद्ध होत नाही असं सांगितलं. भीती मात्र राहिली ती राहिलीच.

खर्चाला_कात्री
टेस्टिंगवर पैसे घालवू नका बाई. डोळ्यांना दिसतेय, नाकाला कळतेय, मग जात कळून करणार काय? कुठलीही असली तरी काढायचीच आहे ना. आणि जो टेस्ट करतो तोच फवारणी विकतो, तो "काही नाही हो" म्हणेल का कधी?

बाकी विटा-काँक्रीटवर पांढरी पावडर दिसली तर लगेच घाबरू नका, बऱ्याचदा तो क्षार असतो, पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. अर्थात क्षार म्हणजे भिंतीतून ओल येतेय, तेवढं लक्षात ठेवा.

ओलीचिंब
सगळ्यांचे आभार, टेस्टिंग रद्द. डॉक्टर, लेकीची अपॉइंटमेंट घेतलीये. आता व्हेंटचं सांगा, खालच्या जाळ्या उघड्या ठेवू की बंद? शेजारी म्हणतात हवा खेळती राहिली की वाळेल.

तुळई_तपासनीस
थंड कोरड्या हवेत वाळेलही, पण उन्हाळ्यातल्या दमट दिवसांत उलटं होतं, बाहेरची गरम हवा खालच्या गार तुळयांना लागते आणि फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं त्यांना पाणी सुटतं. म्हणून हल्ली जाळ्या बंद करून, पूर्ण मातीवर कमीत कमी ६ मिलचं (साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचं) प्लास्टिक सांधे एकमेकांवर घेऊन चिकटवतात, भिंतीवर थोडं वर चढवतात आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लावतात. पण पाणी आत येत असताना सील करू नका, आणि खाली गॅसचा हीटर किंवा बॉयलर असेल तर त्याला हवा कुठून मिळणार हे जाणकाराला विचारल्याशिवाय जाळ्या बंद करायच्या नाहीत, कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न आहे. रेडॉनही (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) मोजून घ्या. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवी आणि लाकडातली ओल २० च्या बरीच खाली, दोन्हीचे मीटर मिळतात. खाली जाताना एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे, आणि ते कपडे घरात फिरवू नका.

ओलीचिंब
नवरा आत्ताच परत जाऊन आला. कपड्यांच्या ड्रायरचा पाइप मध्येच निखळलाय, सगळी वाफ खालीच सुटतेय! आजूबाजूला लिंटचा, म्हणजे कपड्यांच्या तंतूंच्या भुशाचा, थर.

तुळई_तपासनीस
घ्या! प्रत्येक खेपेला लिटरभर तरी पाणी आत ओतलं जात होतं. लिंट आधी साफ करा, ते पेट घेतं. पाइप जोडून थेट बाहेर काढा, तोवर ड्रायर बंद. भिजलेलं इन्सुलेशन फेकून द्या, ते वाळवून वापरायचं नसतं. मातीवरचं प्लास्टिक मात्र तरीही नव्याने घालावं लागेल, जमिनीची ओल ड्रायरमुळे नाहीये. लाकूड वाळल्यावर मीटरचे आकडे इथे टाका, मग साफसफाईचं बोलू.