बी विंग ग्रुप : ३०२ चं लॉक

३०२ : नमस्कार सगळ्यांना. काल रात्री आई पाऊण तास आत अडकल्या. आतून नॉब, बाहेरून किल्ली, दोन्ही नुसतं गरगर. शेवटी किल्लीवाल्याने सिलेंडर, म्हणजे किल्ली घालतो तो भाग, फोडून उघडलं. आज नवीन मॉर्टिस लॉक (दाराच्या कडेत कोरून बसवतात ते) आणलं तर जुन्या खाचेत बसेना. सुतार म्हणतो दारच बदला. कुणी काही सांगेल का?

४०१ : अगं, आमची बेल का नाही वाजवलीस? आई बऱ्या आहेत ना?

३०२ : बऱ्या आहेत. घाबरल्या होत्या फार.

१०३ : आधी बिजागऱ्या बघा.

५०२ : वहिनी, दार मुळीच बदलू नका. इतकं भरीव लाकूड आता कुठे मिळतंय. दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंत किती येतं ते मोजा. त्याला बॅकसेट म्हणतात. नव्या खोक्यावरही लिहिलेला असेल.

३०२ : जुना ४५ मिमी. नवीन खोक्यावर ६० आहे.

५०२ : म्हणूनच बसेना. आणखी १५ मिमी खोल कोरायचं आणि दर्शनी बाजूला जुनी भोकं उघडी. नका करू.

सेक्रेटरी : कृपया नोंद घ्यावी, दुपारी २ ते ४ ठोकाठोकी बंद. मागे तक्रार आली होती.

६०१ : तक्रार कुणी केली ते सगळ्यांना ठाऊक आहे. टाइल्सचं काम दोनच दिवस होतं आमचं.

२०४ : घरात तान्हं मूल होतं. आणि दोन नाही, नऊ दिवस. असो.

१०३ : आधी बिजागऱ्या बघा. कुणी वाचतं का?

४०१ : आमच्या जुन्या घरी नुसती आगळ होती. आतल्याला जाग आली तर बाहेरचा आत 😄

५०२ : वहिनी, किल्लीवाल्याने फक्त सिलेंडरच फोडला ना? मग डबा, म्हणजे दारातला बोल्टचा भाग, शाबूत असेल. दार उघडं ठेवा, सिलेंडरच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून बोल्ट सरकवून बघा.

३०२ : सरकतोय! अगदी हलका.

५०२ : मग लॉक परत करा, फक्त सिलेंडर आणा. कडेच्या लांब स्क्रूचं भोक असतं ना, तिथून आतली आणि बाहेरची लांबी वेगवेगळी मोजायची. बाहेरून प्लेटच्या पुढे ३ मिमीपेक्षा जास्त यायला नको, पकडीने मोडता येतो.

३०२ : पण दार लावल्यावर बोल्ट अडकतो. गेले दोन महिने दार उचलूनच किल्ली फिरवत होतो.

१०३ : हेच सकाळपासून सांगतोय! दार खाली बसलंय. बोल्ट चौकटीच्या पट्टीवर घासतो, तुम्ही जोर लावता, तो जोर सिलेंडरवर. नवीनही असाच जाईल.

३०२ : काका, माफ करा. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसते लोंबतायत.

१०३ : भोकात गोंद लावून लाकडी खुंटी ठोका. वाळू द्या. मग लांब स्क्रू. पट्टी कापू नका.

५०२ : आणि सिलेंडर बसवल्यावर दार उघडं असतानाच दहा वेळा किल्ली फिरवा, मगच लावा.

सेक्रेटरी : खुंटी ४ नंतर.

२०४ : वहिनी, आजच ठोका. बाळाला आम्ही बाहेर नेतो.