छतावर सौर पॅनेल बसवल्याने कोराडीची राख कमी होते काय?

उत्तर_नागपूरकर
आम्ही नागपूरच्या मानकापूर परिसरात राहतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून घराच्या छतावर तीन किलोवॅटचा प्रकल्प बसवण्याचे ठरत आले आहे. 78,000 रुपयांचे अनुदान आणि नेट मीटर यांचा हिशेब मला समजला आहे, त्यामुळे बिलाबद्दल मी येथे विचारत नाही. आमच्याकडील एका ज्येष्ठ गृहस्थांचा आक्षेप असा, की शहराजवळच्या कोराडी आणि खापरखेडा येथील कोळशावर चालणारे वीजनिर्मिती संच रात्रंदिवस चालूच असतात, मे महिन्यात रात्रभर कूलर चालतात ते कोळशाच्याच विजेवर आणि पॅनेल तयार करतानाही कोळसाच जळतो. मग यातून पर्यावरणाचे काय भले होणार? माझ्या छतावर तयार होणाऱ्या विजेमुळे प्रत्यक्षात कोठे तरी कोळसा कमी जळतो की नाही, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

संच_नियंत्रण
मी औष्णिक विद्युत केंद्रात अनेक वर्षे पाळीमध्ये काम केले आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देतो. कोळसा कमी जळतो. मात्र तो कोराडीतच कमी जळेल असे नाही.

वीज साठून राहत नाही. तुमच्या छतावर वीज तयार झाली की वीजजाळ्यावरची मागणी तेवढी घटते, आणि मागणी घटली की राज्य भार प्रेषण केंद्राकडून संचांना भार, म्हणजे वीजनिर्मिती, कमी करण्याच्या सूचना येतात. कोणाचा भार आधी उतरवायचा हे ‘मेरिट ऑर्डर’ने, म्हणजे प्रत्येक संचाच्या प्रतियुनिट इंधनखर्चाच्या क्रमाने ठरते, आणि ज्याची वीज महाग तो संच आधी खाली येतो. कोराडी आणि खापरखेडा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणींच्या उशाशी आहेत, म्हणून त्यांचा वाहतूक खर्च कमी. जेथे विदर्भातला कोळसा रेल्वेने शेकडो किलोमीटर न्यावा लागतो, तेथील विजेत वाहतुकीचा खर्च मिसळतो. त्यामुळे मानकापूरच्या छतावरील ऊन नाशिककडच्या एखाद्या संचाची आग मंदावत असेल आणि कोराडीच्या चिमणीला त्याची खबरही नसेल, हे अगदी शक्य आहे.

हिशेब मात्र ठोकळमानाने मांडता येतो. तीन किलोवॅटचा प्रकल्प वर्षाला सुमारे चार हजार युनिट देतो. आपल्या प्रतीच्या कोळशातून एक युनिट काढायला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे वर्षाचा पावणेतीन टनांच्या आसपास कोळसा वाचतो. त्यात 35 ते 40 टक्के राख असते, म्हणून एका घरामागे वर्षाला जवळजवळ एक टन राख निर्माणच होत नाही, आणि साडेतीन टनांच्या आगेमागे कार्बन डायऑक्साइड हवेत जात नाही. कार्बन कोठेही वाचला तरी फायदा सर्वांचाच असतो; राख मात्र जेथे पडते तेथेच राहते. तुमच्या प्रश्नातील खरी गोम ही आहे.

कन्हानकाठ
वरील शेवटच्या वाक्याबद्दल मला लिहावेसे वाटते, कारण आमची शेती राख बंधाऱ्याच्या, म्हणजे केंद्राची राख पाण्यात कालवून साठवतात त्या तळ्याच्या, बाजूला आहे. शहरात हा विषय निघाला की चर्चा तापमानवाढीवर जाते. ती योग्यच आहे, पण आम्हाला कोळसा दिसतो तो वेगळ्या रूपात. एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्याचा वरचा थर वाळतो आणि वारा सुटला की करडी भुकटी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर, वाळवणावर आणि विहिरीच्या पाण्यावर साय धरावी तशी बसते. 2022 च्या पावसाळ्यात खसाळा येथील बंधारा फुटला, तेव्हा राखेचा गाळ आसपासच्या शेतांत शिरला. जमिनीवर बसलेला तो थर पाणी मुरू देत नाही. शिवाय राखेत आर्सेनिक आणि पारा यांसारख्या घटकांचे अंश असतात, ते झिरपत कोठवर जातात याची काळजी नागपूरकरांनीही करावी, कारण शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा कन्हान नदीतून उचलला जातो.

राखेचा शंभर टक्के वापर व्हावा, असा नियम केंद्राने केला आहे. विटा, सिमेंट आणि रस्त्याचे भराव यांत ती खपतेही. तरी साचलेले जुने डोंगर जागचे हललेले नाहीत. अशा स्थितीत कोराडीला 660 मेगावॅटचे आणखी दोन संच प्रस्तावित झाले आणि 2023 मध्ये त्यांवर जनसुनावणीही झाली. म्हणून उत्तर_नागपूरकर यांना माझे सांगणे असे, की पॅनेल जरूर बसवा, परंतु त्याने आमच्या गावची राख कमी झाली असे समजून स्वस्थ बसू नका. ती कमी व्हायची असेल तर येथे कोणते संच बंद होतात आणि कोणते नवे उभे राहतात, या निर्णयात शहरानेही बोलले पाहिजे. जनसुनावणीला येतो तो गावकरी आणि वीज लागते ती शहराला, हे आता पुरे झाले.

छतावरचा_तंत्रज्ञ
पॅनेल तयार करताना ऊर्जा लागते, हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. आपल्याकडच्या उन्हात ती ऊर्जा एक ते दोन वर्षांत भरून निघते आणि पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या) 2014 च्या अहवालात निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा सगळा हिशेब धरून छतावरील सौर विजेसाठी प्रतियुनिट सुमारे 41 ग्रॅम आणि कोळशासाठी 820 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असे मध्यमान दिलेले आहे. जुन्या पॅनेलच्या कचऱ्याचा प्रश्न पुढे येणार आहे. 2022 च्या ई-कचरा नियमांत पॅनेलचा समावेश झालेला आहे, पण गोळा करण्याची व्यवस्था अजून तोकडी आहे.

नागपूरची म्हणून एक गोष्ट सांगतो. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज, असा समज येथे सर्रास आढळतो. पॅनेलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण 0.35 टक्के उत्पादन घटते. हवेत 45 अंश असताना काळ्या काचेचे तापमान 65 ते 70 पर्यंत जाते, म्हणजे ऐन मे महिन्यात दुपारी पंधरा टक्क्यांच्या आसपास घट धरूनच चालावे. त्यामुळे स्लॅब आणि पॅनेल यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी उंची ठेवायला सांगा. खर्च वाचवण्यासाठी ठेकेदार नेमके तेच टाळतात. तुम्ही कोराडीच्या दिशेला राहता, तेव्हा काचेवर धूळ लवकर बसेल. ती पहाटे साध्या पाण्याने धुवावी, तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नये.

उत्तर_नागपूरकर
तिन्ही उत्तरांबद्दल आभार. रात्रीच्या कूलरचा मुद्दा मात्र तसाच राहिला.

संच_नियंत्रण
तो मुद्दा खोटा नाही. देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू) स्रोतांचा वाटा 2025 मध्ये निम्म्यावर पोहोचला, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत सुमारे सत्तर टक्के अजून कोळशाचेच आहेत. सूर्य मावळला की संच पुन्हा पूर्ण भारावर न्यावे लागतात, आणि दुपारीही ते साधारण 55 टक्क्यांच्या खाली नेता येत नाहीत, कारण तसे केल्यास बॉयलरची ज्योत स्थिर राहत नाही आणि तेल जाळावे लागते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला साठवणुकीचा. घाटघरला 250 मेगावॅटचे केंद्र आहे, तेथे वीज स्वस्त असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडतात. आपल्याजवळ पेंच नदीवर तोतलाडोहला 160 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे, परंतु त्या पाण्यावर सिंचनाचा आणि नागपूरच्या नळांचा हक्क आधीचा असल्याने ते हवे तेव्हा सोडता येत नाही. बॅटरीची साठवण आता मोठ्या प्रमाणावर येऊ लागली आहे, आणि पुढील काळात खरा फरक तीच पाडेल असे माझे मत आहे.

दुसरा मार्ग मागणीच दिवसाकडे सरकवण्याचा. सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना दिवसा वीज मिळू लागली आहे. उमरेड-रामटेक पट्ट्यात, जेथे रात्री ओलिताला जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर उभे राहणे, तेथे याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. घरापुरते म्हणाल तर पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन आणि गीझर सकाळी दहानंतर चालवा. रात्रीचा कूलर राहीलच, आणि तेवढ्यासाठी तुमच्यावर कोणी बोट ठेवू नये.