रीः रीः रीः एमईए वीकेंड, केबिन: फ्रीज एकच आहे, आधी ते ठरवा

प्रेषक: माधवी (स्वयंपाक)

मंडळी, एमईएला, म्हणजे ऑक्टोबरातल्या शिक्षक-अधिवेशनाच्या सुट्टीत, मिनेसोटाच्या जंगलातल्या ज्या केबिनला आपण जातोय तिचे फोटो केबिनवाल्याने पाठवले. अख्ख्या घरात फ्रीज एकच, तोही जुना. कोजागिरीचं दूध दहा गॅलन, शुक्रवारच्या पावभाजीच्या भाज्या, लोणी, मुलांचं दही, आजींचं वेगळं ताक. एवढं लावलं की दार जेमतेम लागेल. नंदू, तुझ्या शिकारीच्या पक्ष्यांची सोय तू बघ. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, परत उगाळत नाही.

प्रेषक: नंदू

ताई, मागच्या वेळचे पक्षी माझे नव्हते. ती बदकं होती आणि कोणाची होती ते ज्याला माहीत आहे त्याने सांगावं.

मला फार जागा नकोच. ग्राउजची (रानकोंबडीसारखा जंगली पक्षी) मर्यादा माणशी दिवसाला ५, पण त्या जंगलात तेवढे पाडणारा मला अजून भेटलेला नाही. एकदोन मिळाले तरी मी खूश. वुडकॉक दिवसाला ३, पण तो लांब चोचीचा पक्षी मुठीएवढा. अडचण एकच. वुडकॉक स्थलांतरी पक्षी, म्हणून केंद्रीय नियमाने घरी पोचेपर्यंत त्याचं डोकं किंवा एक पंख पिसांसकट अंगाला ठेवावा लागतो. वाटेत वॉर्डनने थांबवलं तर पक्षी ओळखता आला पाहिजे. सगळं सोलून, धुऊन, डब्यात घालून ठेव म्हणालीस तर ते जमणार नाही.

प्रेषक: माधवी (स्वयंपाक)

म्हणजे पिसांसकट?? दुधाशेजारी??

प्रेषक: प्रसाद

फ्रीजचं नंतर बघू. ज्याचं कोणालाच भान नाही ते सांगतो. एमईएला शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी म्हणून आपण जातोय, आणि त्याच चार दिवसांत मुलांचा हरणांच्या शिकारीचा सीझन असतो. रायफली घेतलेली मुलं आणि त्यांचे आईबाप जंगलात असणार. शिकार करणाऱ्यांना टोपी आणि कमरेवरचे कपडे भगभगीत केशरी किंवा गुलाबी घालावे लागतात. फिरायला जाणाऱ्यांना सक्ती नाही, पण माझ्या मते आपल्या प्रत्येक पोराच्या अंगात केशरी जाकीट असायलाच हवं. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात. तपकिरी कोट आणि पांढरी टोपी कोणीही आणू नये. पांढरशेपट्या हरणाची शेपटी कशी दिसते ते आठवा.

वहिनींनी मागच्या वर्षी पांढरी शाल घेतली होती, म्हणून लिहिलं. राग नसावा.

प्रेषक: केतन

नमस्कार, मी नवीन आहे. नंदूदादांबरोबर जायची फार इच्छा आहे. पण मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि रूममेट म्हणतो की बंदुकीला हात लावलास तर गुन्हा होईल. खरं आहे का?

प्रेषक: अविनाशकाका

केतन, रूममेट अर्धं बरोबर सांगतोय. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने मना आहे, पण राज्याचा वैध शिकारीचा परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. तेव्हा आधी परवाना, मग बंदूक, आणि परवाना खिशात. तरी ऑफिसच्या वकिलाला एकदा विचार. व्हिसाच्या बाबतीत काकांच्या शब्दावर विसंबू नकोस.

दुसरं, ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्याला इथे परवान्यासाठी फायरआर्म सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं. मला लागत नाही, वय झालं! तुला कोर्स झेपणार नसेल तर अप्रेंटिसची सोय आहे, म्हणजे परवानाधारकाच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. नंदूच्या आवाजाच्या टप्प्यात म्हणजे अर्ध्या मिनेसोटात कुठेही.

आमच्या परभणीकडे वडील तित्तरं मारायचे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ला आला त्याच्या आधीची गोष्ट. कुत्रं नव्हतं. पारधी पाळीव तित्तर पिंजऱ्यात घालून शेताच्या बांधावर ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचा. पिंजऱ्यातला ओरडला की रानातला नर भांडायला यायचा आणि अडकायचा. वडिलांची बंदूक पारध्याच्या निम्म्यानेही कमवत नसे, असं आई म्हणायची.

प्रेषक: शिल्पा

काका, पारध्यांवर नंतर काय काय लादलं गेलं तेही लिहा ना, नुसती गंमत नको. आणि यंदा गोचिडींचं कोणी बघितलंय का? ऑक्टोबर म्हणजे थंडी, असं समजून सगळे बिनधास्त असतात. लाइम रोग पसरवणारी हरणगोचीड ऑक्टोबरातही पूर्ण जोमात असते. परतल्यावर मुलांच्या काखा, कानामागे, केसांत बघा. नंदूदादा, कुत्र्यांचंही औषध चालू आहे ना? आणि तुमच्या चिमा कुत्रीला साळिंदराने गाठलं तर काटे उपटायला पक्कड न्या. ते काटे आत आत सरकत जातात.

प्रेषक: नंदू

शिल्पा, पक्कड कायम गाडीत असते. औषध चालू आहे. त्या भागात ब्लास्टो नावाचा बुरशीचा आजारही कुत्र्यांना होतो, मातीतून. कुत्रं खोकायला लागलं किंवा जेवेना, तर आठवडाभर वाट बघत बसायचं नाही.

केतनसाठी. आमची जागा ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला, जिथे अ‍ॅस्पन कापून पुन्हा उगवलेले आहेत आणि मनगटाएवढ्या जाडीची झाडं दाटीने उभी आहेत. मोठं जुनं जंगल दिसायला छान, पण ग्राउजला ते आवडत नाही. त्याला असं गच्च रान हवं, शेजारी क्लोव्हरच्या गवताने भरलेली लाकूडतोडीची वाट हवी. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पानं झडलेली असतात. सप्टेंबरात सीझन उघडतो तेव्हा पक्षी नुसता ऐकू येतो, दिसत नाही.

चिमा सेटर आहे, म्हणजे वास येताच जागीच थांबून पक्षी दाखवणाऱ्या जातीची, गळ्यात घंटा. वाटेवर उभं राहून नुसती घंटा ऐकायची: टिणटिण, टिणटिण, लांब, जवळ. मग बंद. तिला वास आला, ती गोठली. आता खरी घाई. माझा दुसरा कुत्रा बाजी पोचला तर तिच्या मागेच थांबतो, स्वतः वास न घेता, तिच्यावर विश्वास ठेवून. आपण काट्याकुट्यातून तिच्यापुढे जायचं. ग्राउज बऱ्याचदा पायी सटकलेला असतो, नाहीतर आपला एक पाय ओंडक्यावर असतानाच फर्रकन उडतो आणि झाडाच्या आड जातो. वुडकॉक शहाणा, बसून राहतो, म्हणून नवशिक्या कुत्र्याला आणि नवशिक्या माणसाला तोच बरा. ओल्या अल्डरच्या झुडपांत चोच मातीत खुपसून गांडुळं काढत असतो. गंमत म्हणजे चिमा तो तोंडात धरत नाही. पाडला तर शेजारी उभी राहून माझ्याकडे बघते.

कुत्र्याने थांबून दाखवलेल्या पक्ष्यावर सरळ पुढे गोळी कधीही नाही. पक्षी वर गेला, आभाळ दिसलं, तरच. हे आधी सांगतो, कारण केतन उत्साही दिसतो.

प्रेषक: विवेक

एवढा खटाटोप कशाला? साउथ डाकोटाला चला. फेझंट (लांब शेपटीचा रानपक्षी) दिवसाला ३, मोकळं शेत, कुठेही अडखळायला नको. दहा वाजता सुरू करायचं, तोवर झोप होते. मी दरवर्षी जातो.

प्रेषक: नंदू

विवेक, फेझंट चीनहून आणलेला. तो पळतो, आणि पळणाऱ्या पक्ष्यामागे माझा पॉइंटर, म्हणजे थांबून पक्षी दाखवणारा कुत्रा, बिघडतो. शिवाय बाहेरच्या राज्याचा परवाना किती पडतो ते केतनला सांग आणि मग त्याला ने.

प्रेषक: विवेक

तुझा पॉइंटर माझ्या फेझंटमुळे बिघडत नाही. तो आधीच बिघडलेला आहे. मी पार्किंगमध्ये माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

प्रेषक: माधवी (स्वयंपाक)

सगळं वाचलं. फ्रीज?

प्रेषक: नंदू

दोन मोठे कूलर आणतो. बर्फ पंपावर मिळतो. पक्षी पाडला की लगेच जागेवरच आतडी काढतो, म्हणजे तो लवकर गार होतो. दिवस ऊबदार असला आणि पक्षी तसाच गाडीत गरम राहिला तर मांस जातं, मग फ्रीज असला काय नि नसला काय. कूलर गॅरेजमध्ये. बाहेर नको, रॅकून येतात.

प्रेषक: माधवी (स्वयंपाक)

गॅरेज चालेल. माझी अट: वेगळा चाकू, वेगळी पाटी, हात धुण्याची जागा बाहेरची. घरातल्या कुठल्याही कढईत ते शिजणार नाही. कुत्री हॉलमध्ये जेवणाच्या वेळी नकोत. आरतीच्या वेळी तर मुळीच नकोत, बाजी मागे प्रसादाच्या ताटाकडे ज्या नजरेने बघत होता ते मी विसरलेले नाही.

प्रेषक: अविनाशकाका

माधवी, आरतीच्या वेळी कुत्री केनेलमध्ये. मी स्वतः बघतो. पण ग्राउज लोखंडी तव्यावर लोण्यात परतलेला मला हवा आहे, आणि तो मी बाहेरच्या शेगडीवर करतो. मांस पांढरं असतं, वुडकॉकचं काळं. मसाला कमी. रस्सा नंतर कोणी केला तर मी अडवणार नाही.

शिल्पा, पारध्यांबद्दल तुला वेगळं लिहितो, यादीवर नको.

प्रेषक: प्रसाद

गॅरेजची किल्ली केबिनवाल्याकडे मागितली आहे, तो म्हणाला चालेल. ज्यांनी जॅकेटचा आकडा कळवला नाही त्यांनी आज रात्रीपर्यंत कळवा, मुलांचे साइज वेगळे लिहा. परवा ऑर्डर जाईल. पांढऱ्या शालीबद्दल वहिनींचा मेल आला. क्षमस्व, विषय संपला.

प्रेषक: मंजिरी

दूध होल मिल्कच ना? मागच्या वर्षी दोन टक्केवालं होतं, मसाला तळाशी बसला होता.