डार्क फॅन्टसी मालिका सुचवा (वय ११, हॅरी पॉटर पाठ झालंय)

सांजवेळ: लेक अकरा वर्षांची. हॅरी पॉटरची पारायणं झाली, आता "भुतं हवीत, पण खरंच घाबरवणारी" असा हट्ट धरून बसली आहे. इंग्रजी वाचायची अडचण नाही. एकाहून जास्त पुस्तकं हवीत, नायक किंवा नायिका साधारण तिच्या वयाची हवी, नुसती रक्ताची थारोळी नकोत. माझी धाकधूक वेगळीच आहे. पहिला भाग वाचून आपण निर्धास्त होतो आणि चौथ्या-पाचव्यात काय वाढून ठेवलंय ते कळत नाही. शेवटपर्यंत वाचलेल्यांनीच सांगा.

निशाचर: डोळे झाकून जोनाथन स्ट्राउडची 'लॉकवुड अँड कंपनी'. पाच पुस्तकं, २०१३ ते २०१७, कथा पूर्ण होते. भुतांनी उच्छाद मांडलाय, त्यांचा स्पर्श जिवावर बेततो, पण ती नीट जाणवतात फक्त मुलांना. वय वाढलं की ती शक्ती जाते. त्यामुळे मोठे दारं लावून घरात आणि पोरं तलवार, लोखंडी साखळ्या, मीठ घेऊन रात्रपाळीला! गोष्ट लुसी सांगते आणि ती भारी फटकळ आहे. शेवटपर्यंत वाचलीय, भीती वाढते पण किळसवाणं काही नाही.

चष्मिष्ट: +१. बरणीतल्या कवटीच्या टोमण्यांसाठी तरी वाचाच.

जुना वाचक: तुमची धाकधूक रास्त आहे, आणि ती नेमकी लागू पडते जोसेफ डिलेनीच्या 'द स्पूक्स अप्रेंटिस'ला (२००४). तरीही सुचवतोय. टॉम हा सातव्या मुलाचा सातवा मुलगा, भुताखेतांचा बंदोबस्त करणाऱ्या एका खडूस म्हाताऱ्याकडे उमेदवारीला लागतो. पहिलीच परीक्षा म्हणजे पछाडलेल्या घरात एकट्याने रात्र काढायची आणि बाराच्या ठोक्याला तळघरात उतरायचं. हाताशी काय, तर एक मेणबत्ती. त्या प्रकरणात रक्ताचा थेंब नाही, पण मी दिवा लावून झोपलो होतो, आणि तेव्हा मी काही लहान नव्हतो. पुढे तो एका मुलीला वचन देऊन बसतो आणि ते पाळायचं म्हणून बागेतल्या खड्ड्यात कोंडलेल्या चेटकिणीला रोज खाऊ टाकतो. आपण वाचताना ओरडत असतो, अरे नको! बाहेरून आलेल्या भुतापेक्षा हे जास्त छळतं, कारण पोरगा वाईट नाही, शब्दाला जागतोय.

आता धोका. मुख्य मालिका तेरा पुस्तकांची. चौथ्यात प्रत्यक्ष सैतान अवतरतो आणि तिथून सूर पालटतो. नववं तर मारेकरी चेटकीण स्वतः सांगते, तिची कात्री कशासाठी आहे ते इथे लिहीत नाही. पहिली तीन आत्ता द्या, बाकीची दोनेक वर्षांनी. आणि हो, अमेरिकन आवृत्तीत हीच मालिका 'द लास्ट अप्रेंटिस' नावाने आहे, तेच पुस्तक दोनदा विकत घेऊ नका.

रातकिडा: डॅरेन शानची व्हँपायर मालिका कुणीच कशी काढली नाही? बारा छोटी छोटी पुस्तकं, कंटाळखोर पोरंसुद्धा फडशा पाडतात.

जुना वाचक: फडशा पाडतात, मान्य. पण दुसऱ्याच पुस्तकात एक लहान मुलगा ज्या तऱ्हेने जातो, ते अकराव्या वर्षी नको. तेरा-चौदाला जरूर.

रातकिडा: माझ्या भाच्याने दहाव्या वर्षी वाचली, काही बिघडलं नाही. मूल बघून ठरवा.

मोगरा: गार्थ निक्सचं 'सॅब्रिएल' (१९९५) पुढे कधीतरी. मेलेल्यांना घंटा वाजवून परत पाठवणारी नायिका आहे, पण ती अठराची आणि सुरुवात संथ. आत्ता दिलंत तर अर्ध्यावर टाकेल.

सांजवेळ: सगळ्यांचे आभार. आधी लॉकवुड, मग टॉमची पहिली तीन. ती तीन आधी मी वाचणार. रातकिडा, तुमची मालिका दोन वर्षं कपाटाच्या वरच्या फळीवर. लॉकवुडची वेब सिरीज आधी दाखवली तर चालेल का?

निशाचर: नको, पुस्तकं आधी. नेटफ्लिक्सवर २०२३ मध्ये एकच सीझन आला, त्यात पहिली दोनच पुस्तकं आहेत आणि पुढचा सीझन रद्द झाला. बघून झाल्यावर "पुढे काय" म्हणून तुमचंच डोकं खाईल.